पार्सलनं वाद्य पाठवताना: काय मोडतं, का मोडतं, पॅकिंग कसं करावं

तारसप्तक

वाद्य पार्सलनं पाठवायचं म्हटलं की तीन सल्ले ठरलेले असतात. हार्ड केसमध्ये घाला, बबल रॅप गुंडाळा, वर 'नाजूक' असं लिहा. हे तिन्ही करूनसुद्धा वाद्य मोडून पोचतं, आणि गंमत म्हणजे खोक्यावर बऱ्याचदा ओरखडाही नसतो. मग "आधीच मोडकं पाठवलं असेल" इथून वाद सुरू होतो.

पार्सलचा प्रवास मुख्यतः पट्ट्यांवरून आणि घसरगुंड्यांवरून होतो. तिथे लेबल वाचायला माणूस नसतो, बारकोड वाचणारं यंत्र असतं. त्यामुळे 'ही बाजू वर' हा बाण आपल्या समाधानापुरता. खोकं सहाही बाजूंवर आणि आठही कोपऱ्यांवर पडणार, हे धरूनच पॅकिंग करायचं.

किती उंचीवरून पडेल? पॅकिंगच्या चाचणीचं इस्टा १ए नावाचं एक मानक आहे. त्यात १० किलोच्या आतलं पार्सल ७६ सेंमीवरून १० वेळा टाकतात: एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू. टेबलाची उंची साधारण तेवढीच असते. तुमचं खोकं टेबलावरून दहा वेळा ढकलायची हिंमत होत नसेल तर पॅकिंग अजून झालेलं नाही असं समजा.

आता हिशोब. ७६ सेंमीवरून पडलेली वस्तू थांबायला जेवढं अंतर घेते, त्यावर धक्का ठरतो. केस थेट फरशीवर आपटली आणि सगळं मिळून ५ मिमी दबलं, तर सरासरी धक्का ७६० भागिले ५, म्हणजे सुमारे १५० जी (वस्तूच्या वजनाच्या १५० पट). बाहेर ५ सेंमी गादी असेल आणि ती निम्मी, म्हणजे २५ मिमी दबली, तर ३० जी. गिटारचं डोकं आणि सहा चाव्या मिळून ४०० ग्रॅम धरा. पहिल्या वेळी त्या डोक्यावर ६० किलोचा झटका बसतो, दुसऱ्या वेळी १२ किलोचा. वाद्य तेच, केसही तीच.

हार्ड केस ओरखड्यापासून, टोचण्यापासून आणि वरच्या ओझ्यापासून वाचवते. धक्का मात्र ती जवळजवळ जशाच्या तसा आत पोचवते, कारण ती मुळात कडक असते. धक्का गिळण्याचं काम केस आणि खोकं यांच्यामधल्या गादीचं.

गिटारची सगळ्यात कच्ची जागा म्हणजे नटच्या (डोक्याजवळ तारा टेकतात त्या छोट्या पट्टीच्या) मागचा भाग. तिथे मान सगळ्यात बारीक. त्यातच ट्रस रॉडची (मानेच्या आतल्या धातूच्या सळईची) खाच कोरलेली. डोकं १४ ते १७ अंशांनी मागे कललेलं आणि मान एकाच लाकडात कापलेली असेल तर लाकडाचे रेषे तिथे आखूड पडतात, म्हणजे रेषांमधून सरळ फाटायची सोय झालेलीच असते. केस पाठीवर पडते, बॉडी थांबते, डोकं मात्र पुढे जात राहतं. ते नेमकं इथेच तुटतं. सरळ, न कललेल्या डोक्याच्या मेपलच्या माना बऱ्याच निभावतात.

पेटी, तबला, सतार, व्हायोलिन, कागदपत्रं यांवर जाणकारांनी भर घालावी.

---

खुंटीपीळ

उत्तम धागा. तारांबद्दल लिहितो, कारण तिथेच सर्वांत उलटसुलट सल्ले मिळतात.

स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर एकूण ताण साधारण ७० किलोच्या घरात असतो. इलेक्ट्रिकवर दहा नंबरचा सेट असेल तर ४५ च्या आसपास. हा ताण डोक्याला सतत पुढे ओढतो, म्हणजे झटका बसायच्या आधीच लाकूड अर्धं ताणलेलं असतं. म्हणून तारा उतरवायच्याच. पण किती? पूर्ण काढू नका. दोन-तीन स्वर उतरवा. तार हाताला ढिली लागली पाहिजे, पण चावीवरून सुटता कामा नये. पूर्ण काढल्या की ट्रस रॉड एकटाच मानेला मागे ओढत बसतो. चार-आठ दिवसांत त्यानं काही बिघडत नाही, पण प्रवास लांबणार असेल तर रॉडही पाव फेरा सैल करावा.

अकूस्टिकमध्ये ब्रिजच्या खिळ्या तारा सैल झाल्यावर उडतात आणि केसभर फिरून पॉलिश खरवडतात. त्यांच्यावर मऊ कापडाची पट्टी ठेवा. तारा आणि फिंगरबोर्ड यांच्यामध्ये साधा जाडसर कागद सरकवा, नाहीतर सैल तारा पडद्यांवर आपटत राहतात.

केसच्या खणात काहीही ठेवायचं नाही. कॅपो, ट्यूनर, पट्ट्याचं बक्कल, ॲलन की या आतल्या गोळ्याच. खणाचं झाकण पहिल्या आपटीला उघडतं.

---

मींड

+१. वाचनखूण साठवली.

एक शंका. डोक्याखाली केसमध्ये पोकळी असते, ती घट्ट भरून टाकायची ना? फोमचा ठोकळा कापून बसवला तर?

---

खुंटीपीळ

नको, ठोकळा नकोच. हा सर्रास केला जाणारा उपाय आहे आणि मान मोडायला तोच कारण होतो. डोक्याखाली कडक ठोकळा आणि वर झाकणाचा दाब आला की ठोकळा टेकूचं काम करतो आणि झाकण पहारीचं. कुणी केसवर नुसतं बसलं तरी पुरे.

आधार मानेला द्यायचा, नटच्या अलीकडे, जिथे केसमध्ये मूळचीच खाच असते. डोकं मोकळं.

---

तारसप्तक

पूर्ण मोकळं सोडण्याशी मी सहमत नाही. डोकं मोकळं म्हणजे वर लिहिलेला चाबकाचा झटका आलाच. माझ्या मते मधला मार्ग असा: चुरगळलेला साधा कागद, मुठीत दाबला तर अर्धा होईल इतका सैल, डोक्याच्या मागे, पुढे आणि दोन्ही बाजूंना. त्यानं डोकं रोखलं जात नाही, पण त्याचा वेग हळूहळू उतरतो. झाकण लावताना जोर लागला तर कागद जास्त झाला. झाकण आपल्या वजनानं मिटलं पाहिजे.

---

खुंटीपीळ

सैल कागदाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ठोकळ्याला. आणि बबल रॅपच्या घट्ट गुंडाळीला पण. घट्ट गुंडाळलेला बबल हा ठोकळाच असतो.

शिवाय जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरवर किंवा लाखेच्या पॉलिशवर बबल रॅप थेट लावू नका. उन्हात तापलेल्या गाडीत ते पॉलिश मऊ होतं आणि बुडबुड्यांची नक्षी कायमची उठते. आधी सुती कापड किंवा बिनआम्ल कागद, मग बाकीचं. रबर आणि व्हिनाइल यांचाही नायट्रोशी उभा दावा आहे. रबरी स्टँडचे डाग उठतात ते त्यामुळेच.

---

साउंडपोस्ट

व्हायोलिनला गिटारचे नियम लावू नका. विशेषतः तारा.

व्हायोलिनची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती उभी पट्टी) चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानंच उभी असते. आत पोटात साउंडपोस्टची काडी असते, तीही नुसत्या दाबावर. तारा पूर्ण सैल केल्या की घोडी आडवी होते, टेलपीस (तारांची खालची टोकं धरणारा तुकडा) वरच्या पाटावर आदळतो (फाइन ट्यूनर असतील तर त्यांचे धातूचे कोपरे पाटात रुततात) आणि काडी पडते. काडी पडलेली असताना कुणी तारा चढवल्या तर वरचा पाट चिरतो. दुरुस्तीत फार महाग पडते ती हीच चीर.

म्हणून फक्त अर्धा ते एक स्वर उतरवा. घोडीच्या दोन्ही बाजूंना, तारांच्या खाली, मऊ फोमचे तुकडे बसवा. टेलपीसखाली दुमडलेलं मऊ कापड. कोरड्या हवेत खुंट्या आक्रसतात आणि आपोआप सुटतात, तेव्हा ताण गेला तरी हे कापड टेलपीसला झेलतं.

केसमधून शोल्डर रेस्ट, म्यूट आणि राळ काढून घ्या. राळेची वडी फुटली तर तिची भुकटी पॉलिशवर बसते आणि उष्णतेनं चिकटते.

बो (वाजवायचा गज) केसच्या झाकणात चाव्यांवर अडकवलेला असतो. त्या चाव्या धक्क्यानं फिरतात आणि बो थेट पाटावर पडतो. बो वेगळाच पाठवलेला बरा: बोचे ताणलेले केस सैल करून, टोकाला फोम गुंडाळून, प्लंबिंगच्या कडक पाइपमध्ये, दोन्ही बुचांमागे १०-१२ मिमी फोम. बो मोडतो तो टोकाशीच, कारणही तेच: आखूड रेषे.

व्हायोलिनचे जोड जनावरी सरसानं मुद्दाम कमजोर ठेवलेले असतात. पाट चिरण्याऐवजी जोड सुटावा हा हेतू. तेव्हा पोचल्यावर कडेचा जोड उघडलेला दिसला तर घाबरू नका, वाद्यानं आपलं काम केलंय.

---

भातावाला

पेटीकडे वळू. पेटीत मोडण्यापेक्षा जागचं हलण्याचा त्रास जास्त.

भाता पूर्ण मिटून चाप लावा आणि चापावरही पट्टा बांधा. अर्धवट उघडा राहिलेला भाता घडीवर फाटतो. खटके सगळे आत ढकलून ठेवा. बाहेर राहिलेला खटका पहिल्या आपटीला दांडीसकट वाकतो. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टी दाबणारी जोडणी) बंद. स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सूर बदलायची सोय) असेल तर पट्ट्यांची चौकट तिच्या खाचेत पक्की बसली आहे ना ते बघा, दोन खाचांच्या मध्ये राहिली तर तारेचे दांडे वाकतात.

पट्ट्यांवर फोमची लांब पट्टी ठेवायची, पण दाबून नव्हे. दाबली तर झडपा उघड्या राहतात आणि प्रवासभर धूळ सुरांत जाते. पट्ट्यांनी वर उसळू नये एवढाच तिचा उपयोग. उसळली की पट्टीखालची स्प्रिंग खाचेतून निसटते, आणि मग पोचल्यावर एक सूर सतत वाजत राहतो. लोकांना वाटतं पेटी गेली. झाकण उघडून स्प्रिंग परत खाचेत बसवली की झालं. तसंच एखादा सूर अजिबात वाजत नसेल तर बहुधा पितळी जिभेत कचऱ्याचा कण अडकलेला असतो. जीभ पातळ कागदानं हलकेच उचलून तो काढता येतो. सुईनं खरवडू नका, सूर बिघडतो.

पेटीचं वजन १० ते १५ किलो, तिला बबल रॅप चालत नाही. एवढ्या वजनाखाली बुडबुडे पहिल्याच दिवशी बसतात आणि उरतो तो नुसता प्लास्टिकचा कागद. इथे घट्ट जातीचा पांढरा ईपीई फोम हवा, ५० मिमी जाड, आठही कोपऱ्यांना ठोकळे आणि तळाला अखंड तुकडा. उलट व्हायोलिनसारख्या हलक्या वाद्याला तोच फोम दगडासारखा, कारण तो दबतच नाही. गादी वजनाप्रमाणे निवडायची. जड वस्तूला मऊ गादी तळाला टेकते, हलक्या वस्तूला कडक गादी कामाला येत नाही.

बाजूच्या कड्या बाहेर आलेल्या असतात. कडीभोवती फोम कापून पातळी सपाट करा, नाहीतर कडी खोक्याला आतून भोक पाडते.

---

रेला

तबल्याचं थोडक्यात.

तबला आणि डग्गा एकाच खोक्यात शेजारी शेजारी ठेवू नका. लाकडी खोड डग्ग्याला पोचे पाडतं. दोन खोकी करा, नाहीतर मध्ये प्लायवूडचा पडदा आणि त्याच्या दोन्ही अंगांना फोम.

पुडीवर (वरच्या चामड्यावर) थेट काही टेकता कामा नये. पुडीच्या मापाची प्लायवूडची चकती कापा, तिच्या कडेला खालून फोमची कडी चिकटवा. भार गजऱ्यावर (कडेच्या चामडी वेणीवर) पडला पाहिजे, मैदानावर (मोकळ्या चामड्यावर) आणि शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) नाही. शाई थरांची असते. दाबली किंवा ठोका बसला की थर सुटतात आणि खरखर येते. मग बहुतेक वेळा पुडीच बदलावी लागते.

गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) थोडे वर सरकवून ताण उतरवा. फार नाही. कोरड्या थंड हवेत चामडं आवळतं आणि पूर्ण चढवलेली पुडी किनारीला फाटते.

प्लास्टिकमध्ये हवाबंद करायची असेल तर वाद्य आधी कोरड्या खोलीत एक दिवस ठेवून मगच. दमट चामडं बंद केलं तर बुरशी. आणि सिलिकाच्या पुड्या मूठभर टाकल्या तर चामडं जास्तच वाळतं. एक-दोन पुरेत.

---

मींड

सतारीचा गळा मोडतो असं ऐकून आहे. का ते कुणी सांगेल का?

---

जवारीकार

सतार आणि तंबोरा दोन्हींची गोष्ट एकच आहे. भोपळा मोठा पण पोकळ आणि हलका, दांडी लांब, वर खुंट्यांचं वजन. दोघांचा जोड गळ्याशी. केसमध्ये भोपळा घट्ट बसवलेला असतो आणि दांडी अधांतरी, म्हणजे दांडीचा सगळा झोका गळ्यावर. दांडीला दोन ठिकाणी आधार हवा: एक मधोमध, दुसरा खुंट्यांच्या अलीकडे. खुंट्यांना काहीही टेकू देऊ नका. खुंटीवर बाजूनं भार आला की तिच्या भोकापासून दांडी उभी चिरते.

भोपळ्याचं कवच काही मिलिमीटरचं असतं आणि त्याला टोकदार भार सोसत नाही. पसरलेला भार मात्र तो चांगला घेतो. पाण्याचा हंडा जसा चुंबळीवर ठेवतात तशी जाड कापडाची चुंबळ करून भोपळा तिच्यात बसवा. वरचा छोटा भोपळा फिरवून काढा आणि वेगळ्या डब्यात पाठवा. तो लावलेला ठेवून पाठवणं म्हणजे तो मोडायचाच.

घोडीबद्दल साउंडपोस्ट यांनी लिहिलं ते व्हायोलिनला बरोबर, इथे नेमकं उलट. सतारीत काडी नाही. म्हणून तारा सैल करून घोडी काढून घ्या, तरफेची (खालच्या झंकाराच्या तारांची) छोटी घोडीही सुटी असेल तर काढा. ती जागीच ठेवली तर धक्क्यानं सरकते आणि तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी पाटावर) दोन खोल रेघा ओढते. काढण्याआधी पट्टी शेजारी धरून वरून फोटो घ्या. चिकटपट्टी लावून खूण करू नका, लाखेचं पॉलिश तिच्याबरोबर निघून येतं. जवारी काढलेला (झंकार यावा म्हणून घासून घडवलेला) घोडीचा पृष्ठभाग कापडात गुंडाळून छोट्या कडक डबीत ठेवा. त्याच्यावर एक ओरखडा म्हणजे जवारी पुन्हा काढणं आलं.

तारा आणि तबली यांच्यात कापड. तारांचे मणी खाली सरकवून कापडात धरून ठेवा. पडदे रेशमी दोऱ्यानं बांधलेले असतात, ते सरकले तर सरकू द्यात, त्यात नुकसान नाही. पडदे सरकू नयेत म्हणून दांडीला घट्ट टेप मारण्याचा मोह आवरा.

अवांतर: बांबूच्या बासरीला यातलं काही लागत नाही. कडक पाइप, आत कापड, दोन्ही टोकांना बूच. ती फुटते ती आपटीनं कमी आणि कोरड्या हवेनं जास्त.

---

पाचपदरी

खोक्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून.

तीन प्लायचं (पुठ्ठ्याच्या तीन थरांचं) खोकं वाद्याला नको. किमान पाच प्लाय, १२ किलोच्या वर सात प्लाय. वापरलेलं खोकं, ज्याच्या घड्या मऊ झाल्यात, ते दिसायला धड असलं तरी निम्म्या ताकदीचं असतं. ओल लागलेलं तर घेऊच नका.

केस आणि खोकं यांच्यात सहाही बाजूंना ५ सेंमी. कोपऱ्यांत जास्त चालेल. थर्माकोलचे सुटे दाणे नकोत. ट्रकच्या कंपनानं ते बाजूला होतात आणि जड वस्तू तळाला जाऊन बसते. चुरगळलेला जाड खाकी कागद ठासून भरलेला जागचा हलत नाही. खोकं बंद केल्यावर हलवून बघा. आतून आवाज आला किंवा काही सरकल्याचं हाताला जाणवलं, तर उघडा आणि पुन्हा भरा. कितीही कंटाळा आला तरी.

टेप ७२ मिमी रुंद, एच आकारात: मधली फट आणि दोन्ही बाजूंच्या कडा, वर आणि खाली. जुन्या पार्सलचा बारकोड राहिला असेल तर खरवडून काढा, यंत्र तो वाचून पार्सल भलतीकडे धाडतं. आत एका कागदावर पत्ता आणि फोन लिहून ठेवा. बाहेरचं लेबल फाटलं तर खोक्याची ओळख पटवायला दुसरं काही उरत नाही.

---

तारसप्तक

पाचपदरींच्या ५ सेंमीची किंमत वजनकाट्यावर मोजावी लागते, तेही लिहून ठेवतो. हवाई कुरिअरवाले घनफळाचं वजन धरतात: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले सहसा ५०००. केस ११०×४२×१५ असेल तर ५ सेंमी गादीसह खोकं १२०×५२×२५, म्हणजे ३१.२ किलो. काट्यावर ते ९ किलोच भरेल. गादी ३ सेंमीवर आणली तर ११६×४८×२१, म्हणजे २३.४ किलो. जवळपास ८ किलोचं भाडं वाचतं, म्हणून मोह होतो. पण वरच्याच हिशोबानं धक्का ३० जीवरून ५० जीवर जातो. भाडं वाचवायचं तर ते लांबीत वाचवा: नटबोल्टची मान असलेली इलेक्ट्रिक गिटार चार स्क्रू काढून दोन तुकड्यांत पाठवता येते. खोकं निम्मं होतं आणि मानेवर झोका येतच नाही. तारा तेवढ्या काढाव्या लागतात.

बऱ्याच कंपन्यांचा १०० किंवा १२० सेंमीच्या पुढे लांबीचा वेगळा अधिभार असतो, तो आधी विचारून घ्या. तंबोरा आणि चेलो मुळात पार्सलच्या पट्ट्यावरची वस्तूच नाही. लाकडी खोक्यात, पॅलेटला बांधून, मालवाहतुकीनं पाठवा.

---

रीडबीड

सॅक्सोफोन: मुखपत्र (फुंकायचा माउथपीस) आणि वरची वाकडी नळी काढून वेगळी गुंडाळा. बॉडीच्या वरच्या तोंडाला मूळ बूच लावलंच पाहिजे, त्याच्याविना ऑक्टेव्ह कळीची पिन वाकते. उघड्या राहणाऱ्या कळ्यांखाली बुचाचे पातळ तुकडे. बेलच्या (पुढच्या रुंद तोंडाच्या) आत मऊ कापड ठासा आणि बेल-बॉडीमधली फट भरा. ट्रंपेटचं मुखपत्र लावून ठेवलेलं असेल तर ते आपटीनं आत रुतून बसतं, काढूनच ठेवा.

व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर असेल तर व्हॉल्व्ह काढून, नंबर टाकून वेगळ्या डब्यात. ट्रान्सफॉर्मर जड असतो, त्याची बाजू खाली येईल असं खोकं भरा आणि त्याच्याखाली गादी जास्त द्या. गिटारच्या पिकअपमधली ९ व्होल्टची बॅटरी काढा. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्यांना हवाई मालात वेगळे नियम आहेत. न सांगता टाकल्या तर पार्सल अडतं.

---

मींड

आणि विमा? कुरिअरच्या पावतीवर किंमत लिहिली की झालं ना?

---

पोचपावती

नाही झालं. 'जाहीर किंमत' आणि 'विमा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहीर किंमत म्हणजे कंपनीची जबाबदारी तिथपर्यंत वाढते, पण तिच्या अटींसकट. त्या अटींत 'अपुरं पॅकिंग', 'वस्तूचा मूळचा दोष', 'हवामानानं आलेली चीर' हे वगळलेलं असतं, आणि वाद्याचं बहुतेक नुकसान यांतल्याच कशात तरी बसवता येतं. काही कंपन्या २० वर्षांपेक्षा जुन्या वाद्यांना वेगळी, बरीच कमी मर्यादा लावतात. अटींची पुस्तिका उघडून त्यात 'वाद्य' हा शब्द शोधा.

काहीच जाहीर केलं नाही तर? आंतरराष्ट्रीय हवाई मालाला १९९९ च्या माँट्रियल कराराची मर्यादा लागते: किलोला २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), २८ डिसेंबर २०२४ पासून. त्याआधी ती २२ होती. म्हणजे ८ किलोच्या पार्सलला २०८ एसडीआर. रस्त्यानं आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या सीएमआर करारात तर किलोला ८.३३. वाद्याची किंमत वजनावर ठरत नाही, भरपाई मात्र वजनावर ठरते. महाग वाद्याला वाद्यांचाच स्वतंत्र विमा घ्या आणि त्यात 'कुरिअरनं पाठवताना' हे शब्द आहेत का ते बघा. काही पॉलिसी फक्त तुमच्या ताब्यातल्या वाद्याला धरतात.

सीमाशुल्क वाचावं म्हणून किंमत कमी लिहिली किंवा 'भेटवस्तू' म्हटलं, तर भरपाई त्याच आकड्यावर थांबते. दुरुस्तीला पाठवत असाल तर तसं कागदावर स्पष्ट लिहा, परत येताना पुन्हा पूर्ण शुल्क लागू नये म्हणून.

पुरावे पाठवण्याआधीच तयार करायचे. अनुक्रमांक, डोक्याच्या मागची बाजू, कडेचे जोड, मग पॅकिंगचा प्रत्येक थर, शेवटी बंद खोक्याच्या सहा बाजू आणि वजनकाट्याचा आकडा. धक्का दाखवणारे लाल होणारे स्टिकर मिळतात. ते वाद्य वाचवत नाहीत, पण घेणाऱ्याला सही करण्याआधी सावध करतात.

---

शिसवी

परदेशी पाठवताना लाकूडही तपासा. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय ते सीमेवर जप्त होतं. बाकीच्या डालबर्गिया (रोझवूडच्या कुळातल्या) जाती, म्हणजे आपलं शिसवीही, २ जानेवारी २०१७ पासून दुसऱ्या परिशिष्टात आल्या. पण २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं, त्यांचे तयार भाग आणि उपकरणं यांना त्यातून सूट आहे. ही सूट पहिल्या परिशिष्टातल्या ब्राझिलियन रोझवूडला नाही. सुट्या फळ्या आणि अर्धवट कोरलेले भाग मात्र परवान्यातच. जुन्या बोच्या टोकाला हस्तिदंत, जुन्या सतारीच्या घोडीत हस्तिदंत, जुन्या पिकमध्ये (तार छेडायच्या पट्टीत) कासवाची पाठ असू शकते. कागदावर नुसतं 'गिटार' न लिहिता लाकडाचं शास्त्रीय नाव लिहिलं तर तपासणी लवकर आटोपते.

चामड्याच्या वाद्यांना बऱ्याच देशांत प्राणिजन्य मालाची वेगळी तपासणी असते. पुडीवर केस किंवा लव राहिलेली नसावी.

---

मींड

पोचल्यावर लगेच उघडायचं की थांबायचं? दोन्ही सल्ले वाचलेत.

---

पोचपावती

दोन्ही खरे आहेत, क्रम लावायचा. पावतीवर सही करण्याआधी सहा बाजू बघा. कोपरा बसलेला असेल तर सहीशेजारी 'खोकं दबलेलं' असं लिहा, 'माल चांगला' असं छापलेलं असेल तर ते खोडा. मग बाहेरचं खोकं कॅमेऱ्यासमोर उघडा, गादी दबलीय का बघा. केस मात्र बंदच ठेवा. बाहेर थंडी असेल आणि घर गरम असेल तर १२ ते २४ तास. थंड वाद्य एकदम उबदार दमट हवेत उघडलं की त्यावर दव धरतं आणि नायट्रोच्या पॉलिशला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. नंतर केसही कॅमेऱ्यासमोरच उघडा.

तक्रार लेखी करा. माँट्रियल करारात हवाई मालाच्या नुकसानीला मिळाल्यापासून १४ दिवस, सीएमआरमध्ये न दिसणाऱ्या नुकसानीला ७ दिवस, रविवार आणि सुट्ट्या सोडून. देशांतर्गत कंपन्यांची मुदत याहून कमी असू शकते. निकाल लागेपर्यंत खोकं, फोम, टेपचा तुकडा, काहीही टाकू नका. तपासनीस आधी पॅकिंग बघतो, मग वाद्य.

---

खुंटीपीळ

आणि डोकं तुटलेलंच निघालं तर: आधी फोटो, मग तारा पूर्ण सैल. तुटलेले भाग 'बसतात का बघू' म्हणून एकमेकांत दाबू नका. रेषे वाकले की नंतर जोड मिटत नाही. झटपट चिकटणारा गोंद चुकूनही लावायचा नाही, तो रेषांत शिरला की सरस धरत नाही. केसमध्ये पडलेल्या बारीक काड्याकुड्या चिमट्यानं उचलून पाकिटात ठेवा, त्यातली एखादी जागेवर बसते. तुटीवरून बोटही फिरवू नका, हाताचं तेल लागतं. ताजी, स्वच्छ तूट असेल तर चांगला कारागीर ती अशी जोडतो की पुन्हा तिथे सहसा मोडत नाही.

---

भातावाला

त्या पाकिटावर 'कचरा नाही' असं लिहा. घरातलं कुणीतरी टाकून देतं.